हातपाय चालते आहेत तोवर: साठीनंतरच्या कागदांची आणि घराची तजवीज

म्हातारपणाचा विषय निघाला की लोक एकतर अध्यात्माकडे वळतात, नाहीतर गुडघ्यांकडे. मधलं कुणी सांगत नाही. मधलं म्हणजे बोटांचे ठसे झिजतात आणि अंगठा मशिनवर उमटत नाही, हात थरथरतो आणि बँकेतली सही जुळत नाही, मोतीबिंदू वाढतो आणि ओटीपी वाचेपर्यंत त्याची मुदत संपते. शरीर दरवर्षी थोडं बदलतं. कागद मात्र नोकरीला लागलेल्या त्या तरुण माणसालाच ओळखतात. निवृत्तीनंतरच्या बऱ्याचशा कटकटी या तफावतीतून येतात, आणि त्या आधीच मिटवता येतात.

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नोव्हेंबर आला की फॉर्म भरून द्यायला बसणाऱ्यांत मी असते. खाली जे लिहिलंय ते नव्याने साठी ओलांडलेल्यांसाठी आहे, आणि आईवडिलांची कामं अंगावर आलेल्या मुलासुनांसाठीही. क्रम शक्यतो बदलू नका. पहिल्या तीन पायऱ्या कच्च्या राहिल्या की पुढची प्रत्येक खिडकी तुम्हाला तिथेच परत पाठवते.

१. एक पिशवी करा

फाईल नको, चेनची कापडी पिशवी बरी. रुग्णवाहिकेत बसताना शेजाऱ्यालाही ती चटकन उचलता आली पाहिजे. तिच्यात हे ठेवा:

- आधार आणि पॅन, प्रत्येकी दोन झेरॉक्स
- पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, त्याची झेरॉक्स (मूळ प्रत कपाटात)
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- रेशन कार्डाची झेरॉक्स
- नवराबायको दोघांचे अलीकडचे फोटो. चाळिशीतला देखणा फोटो इथे चालत नाही.
- रोजच्या औषधांची यादी, रक्तगट, कशाची अॅलर्जी असेल तर ती
- आरोग्य विम्याचं किंवा आयुष्मानचं कार्ड
- एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार फोन नंबर: मुलगा किंवा मुलगी, शेजारी, डॉक्टर, आणि रात्री दोन वाजता फोन उचलेल असं कुणीतरी

पिशवी कुठे टांगली आहे हे घराबाहेरच्या किमान एका माणसाला माहीत असावं. एटीएमचा पिन आणि पासवर्ड तिच्यात ठेवू नका. हे सांगावं लागतं, कारण पासबुकाच्या आत पेन्सिलने पिन लिहिणारे मी नेहमी बघते.

२. नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या

पीपीओ, आधार, पॅन आणि बँक हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. बायकांचं काम इथेच अडतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पीपीओवर सासरचं, आधारवर मधलं नावच गायब. पुरुषांच्या बाबतीत ‘राव’ आणि ‘भाऊ’ घोळ घालतात.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी सर्रास १ जून लिहिलं. आधार काढताना ज्यांच्याकडे पुरावा नव्हता आणि नुसतं वय सांगितलं, त्यांची तारीख १ जानेवारी झाली. त्यामुळे एकाच माणसाचे दोन वाढदिवस, आणि दोन्ही खोटे! गंमत सोडा, सत्तरीनंतरच्या योजना वय आधारवरून मोजतात. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून ‘बघू, लागलं तर परत करू’ म्हणत केंद्रावर जाऊ नका. कोणत्या तारखेचा भक्कम पुरावा आहे ते आधी ठरवा.

पेन्शनवाल्या पुरुषांसाठी एक वेगळी सूचना. पीपीओमध्ये पत्नीचं नाव आणि जन्मतारीख नोंदली आहे का ते आजच बघा. तुमच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळणार आहे. केंद्राच्या नियमांत ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते आणि ती कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. तारीख नोंदलेली नसेल तर तुमच्या माघारी तिला ऐंशीव्या वर्षी वय सिद्ध करत फिरावं लागतं.

३. अंगठा, डोळे, चेहरा, सही

जन्मभर राखेने भांडी घासलेल्या, शेतात खुरपं चालवलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. मशिनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो, ऑपरेटर म्हणतो ‘आजी, जोरात दाबा’, आजी पदराला अंगठा पुसून आणखी जोरात दाबतात, परत लाल. जोराचा काही उपयोग नसतो. कोरड्या बोटाला ओलसर फडकं लावून हलकं टेकवावं, दुसरं बोट करून बघावं. नाहीच झालं तर डोळ्यांच्या बुबुळाचं मशिन किंवा चेहऱ्याची ओळख चालते. ती मागा. मागितल्याशिवाय देतीलच असं नाही.

आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, आणि त्याच फेरीत सध्या चालू असलेला मोबाईल नंबर आधारला जोडा. मोबाईल मुलाचा जोडू नका. मुलगा पुण्यात, तुम्ही कराडात, आणि ओटीपी त्याच्या मीटिंगमध्ये वाजतो.

सहीचं काम लोक शेवटपर्यंत टाळतात. हात कापायला लागला की सही बदलणारच. ती पूर्ण बिघडायच्या आत शाखेत जा आणि नमुना सही नव्याने द्या. काउंटरवरचा मुलगा ‘पहिल्यासारखी करा’ म्हणाला तर शाखाधिकाऱ्याकडे जा. पहिल्यासारखी करता आली असती तर आपण गेलोच नसतो. सही अजिबातच जमत नसेल तर अंगठ्यावर पैसे काढता येतात. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराबाबत रिझर्व्ह बँकेची सूचना आहे की हाताचा किंवा पायाचाही अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शिवाय सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यावी असं २०१७ पासून बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

४. हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरला ‘मी जिवंत आहे’ हे सांगायचं. आमचे एक सदस्य याला वार्षिक परीक्षा म्हणतात. त्यात नापास झालं तर पेन्शन थांबते. ती बुडत नाही, दाखला दिल्यावर मागच्या बाकीसह सुरू होते, पण मधले महिने औषधं कशावर आणायची?

आधी तुमची पेन्शन कुठली ते ओळखा, कारण सगळ्यांना एकच नियम नाही.

- राज्य सरकार, जिल्हा परिषद: नोव्हेंबर. कोषागाराची यादी बँकेत येते, तिच्यावर आपल्या नावासमोर सही करायची. सही केल्यावर नाव आणि पीपीओ क्रमांक आपलाच आहे ना ते परत वाचा.
- केंद्र सरकार: नोव्हेंबर. ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. गर्दी टाळायची असेल तर ही सवलत वापरा.
- कंपनीतून निवृत्त, ईपीएस-९५ (म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन): कुठल्याही महिन्यात द्या, दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

घरबसल्या करायचं तर ‘जीवन प्रमाण’ आहे. २०१४ साली सुरू झालं तेव्हा अंगठ्याचं मशिन लागायचं. २०२१ पासून साध्या स्मार्टफोनवर चेहरा दाखवून होतं. फोनमध्ये दोन अॅप घ्यावी लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. पहिल्यांदा फोन चालवणाऱ्याचा, म्हणजे मुलाचा किंवा नातीचा, चेहरा आणि आधार नोंदला जातो. मग पेन्शनरची माहिती भरून त्यांचा चेहरा. उजेड तोंडावर हवा. खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो आणि अॅप अडून बसतं. चष्मा काढा. डोळे मिटायला सांगितलं तर सावकाश मिटा.

सापळा पुढे आहे. पेन्शन मंजूर करणारं खातं आणि पेन्शन देणारी संस्था या दोन रकान्यांत चुकीचा पर्याय निवडला तरी प्रमाणपत्र तयार होतं! मोबाईलवर क्रमांक आला की लोक पेढे वाटून मोकळे होतात. पण दाखला तयार होणं वेगळं आणि तुमच्या कार्यालयाने तो स्वीकारणं वेगळं. काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक घालून स्थिती बघा. नाकारला असेल तर कारण दिसतं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत दुसरा करता येतो. म्हणून हे काम महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

स्मार्टफोन नसेल तर पोस्टमनला सांगा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत तो घरी येऊन थोड्या शुल्कात दाखला करून देतो.

५. खातं, वारस आणि इच्छापत्र

नवराबायकोचं खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं ठेवा. दोघांच्या सह्या लागणारं खातं एकाला पक्षाघात झाला की गोठतं. वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, प्रत्येक खात्याला आणि प्रत्येक ठेवीला वेगळी बघावी लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने पैसे ताब्यात घ्यायचे आणि कायदेशीर वारसांना द्यायचे, एवढंच त्याचं काम. कुणाला काय मिळावं हे इच्छापत्रच ठरवतं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, भावंडांतली निम्मी भांडणं तिथेच संपतात. दोन साक्षीदार हवेत. त्यांना इच्छापत्रातून काही मिळणारं नसावं आणि ते तुमच्याहून वयाने लहान असावेत. आपले मित्र साक्षीला घेतले तर गरज पडेल तेव्हा साक्ष द्यायला कोण उरणार? वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, की मन शुद्धीवर आहे.

आता दोन गोष्टी जपून. ‘बाबा, नंतर कटकट नको, आत्ताच फ्लॅट नावावर करून टाका’ असं प्रेमाने सुचवलं जातं, आणि मुलांच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र महाराष्ट्रात अगदी कमी मुद्रांकात होतं, म्हणून मोहही होतो. पण इच्छापत्र कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र दिलं की घर गेलं. द्यायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर असा दस्त रद्द करता येतो, आणि त्या वेळी ही अट लिहिलेली असणं फार उपयोगी पडतं. अर्ज प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. त्याच कायद्यात मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. आपल्याकडे आईबाप शक्यतो ही पायरी चढत नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. चढायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ती आहे हे मुलांनाही माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट कुलमुखत्यारपत्राची. ‘मुलाला मुखत्यारपत्र दिलंय, आता चिंता नाही’ असं बरेच जण समजतात. देणाऱ्याची बुद्धीच चालेनाशी झाली, विस्मरणाचा आजार बळावला, की आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्र संपतं. नेमकं हवं तेव्हा! म्हणून खातं, वारसनोंद, इच्छापत्र हे सगळं डोकं ठिकाणावर असताना करायचं.

व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवावं याबद्दल तुमचं काही म्हणणं असेल तर तेही लिहिता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. मी केलं आहे. मुलीने आधी रडून घेतलं, मग स्वतःच झेरॉक्स काढून आणल्या.

६. सत्तरीचं कार्ड

आधारवर सत्तर पूर्ण झाली असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. आयुष्मान अॅपवर आधारने ओळख पटवून कार्ड निघतं, अडलं तर १४५५५. खासगी विमा असला तरी हे घेता येतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

लोकांचा गैरसमज असा, की कुठल्याही दवाखान्यात कार्ड दाखवलं की झालं. तसं नाही. यादीतलंच रुग्णालय लागतं आणि भरती व्हावं लागतं. रोजच्या बीपीच्या गोळ्या आणि तपासणीची फी यात बसत नाही. आपल्या तालुक्यातली कुठली रुग्णालयं यादीत आहेत आणि तिथे नेमका तुमचा आजार, हृदय की हाडं, घेतात का, हे आज चौकशी करून पिशवीतल्या कागदावर लिहा. गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधायचं. अनामत रक्कम भरून मागाहून ‘कार्ड होतं की’ म्हटलं तर वाद घालत बसावं लागतं.

७. घर, म्हणजे मुख्यतः बाथरूम

घर बदलायला पैसे फार लागत नाहीत, पण घरच्यांचा अहंकार आडवा येतो. ‘मला काय झालंय?’ हे वाक्य खुब्याचं हाड मोडायच्या आधी प्रत्येकाने म्हटलेलं असतं.

रात्री उठलात की लगेच उभं राहू नका. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर झटकन उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उठा. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर जळू द्या. ती वाट एकदा वाकून बघा: पायपुसणं, सतरंजीची दुमडलेली कड, टीव्हीची वायर, नातवाची गाडी. पायपुसण्याचा मोह सुटत नसेल तर खाली रबर असलेलं घ्या.

बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाखाली बसतो तिथे, स्टीलचा दांडा भिंतीत ड्रिल करून बसवा. चिकटवायचे, हवेच्या दाबाचे दांडे घेऊ नका, भार आला की निघून हातात येतात. टॉवेलचा दांडाही आधाराचा नव्हे. आंघोळीला प्लास्टिकचा पाट नको, पाय न घसरणारी खुर्ची ठेवा. कडी आतून लावली तरी बाहेरून उघडेल अशी बसवा, किंवा कडी लावूच नका, दारावर पाटी टांगा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची बाजारात मिळते. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड-खुर्ची अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण झालेल्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

८. गोळ्या आणि कान

हृदयाचा डॉक्टर एक देतो, गुडघ्याचा दुसरी, झोपेची तिसऱ्याकडून, आणि अंगदुखीची आपण मेडिकलमधून विचारून आणतो. सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून, एका डब्यात घालून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा, यातल्या कुठल्या बंद करता येतील? असं विचारलं की एखादी तरी कमी होण्याची शक्यता असते. झोपेची गोळी आणि रात्रीचं पडणं यांचा संबंध आहे, ते मुद्दाम विचारा.

कानांचं दुर्लक्षितच राहतं. ऐकू येईना की माणूस हो ला हो करतो, मग गप्प बसतो, आणि घरचे समजतात विसरायला लागले. आधी कानाची तपासणी करा.

९. फोनवरचे चोर

पेन्शन खात्यातून फोन करून कुणी पीपीओ क्रमांक, ओटीपी विचारत नाही. ‘दाखला राहिलाय, लिंक दाबा’ आलं की ते खोटं. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा भामटा असतो, अशी अटक कायद्यातच नाही. आपल्याला घाबरवून तो दोन गोष्टी साधू बघतो, फोन ठेवू द्यायचा नाही आणि कुणाला सांगू द्यायचं नाही. म्हणून नेमक्या त्याच दोन करा: फोन ठेवा आणि कुणाला तरी सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

१०. बाहेर पडा

एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी झाली की ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर फुकट. आधार जवळ ठेवा. शहरातल्या बसला ही सवलत नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालचा बर्थ मात्र मागता येतो, पुरुषांना ६० पासून, बायकांना ४५ पासून.

एकटं वाटणं, घरातला छळ, कुठल्या योजनेची माहिती, यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा नंबर सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. रुग्णवाहिका १०८.

आणि गावातला ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्र शोधा. वर्गणी किरकोळ असते. ‘तिथे सगळे म्हातारेच’ ही तक्रार सगळे म्हातारेच करतात. नोव्हेंबरातल्या दाखल्याच्या शिबिराची तारीख, कुठल्या शाखेतला अधिकारी नीट बोलतो, कुठला सुतार दांडा पक्का बसवतो, हे तिथेच कळतं. पहिल्या दिवशी जाल तेव्हा मधल्या रांगेत बसा. पुढच्या रांगेत सत्कार चालू असतात, आणि मागच्या रांगेत ऐकू येत नाही.